भुलीचे गणित आणि कुत्र्यांचे ऋण

भुलीच्या इंजेक्शनाविषयी मी या सदरात लिहिले, त्यानंतर दोन पत्रे आली. एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे, “डॉक्टर, तुम्ही वजन लिहून घेता, नाडी पाहता आणि औषध देता. पण ते औषध रक्तात किती आहे हे तर तुम्हाला दिसत नाही. मग भूल पुरेशी झाली आणि जास्त झाली नाही, हे कळते कसे? सगळा अंदाजच ना?” दुसरे पत्र एका भगिनींचे आहे. त्या लिहितात, “ही औषधे आधी कुत्र्यांवर करून पाहतात असे वाचले. मुक्या प्राण्याला टोचून माणसाला काय मिळते?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोघांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून आज दोन्ही पत्रे एकदमच घेतो.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : होय, तो अंदाजच आहे. पण हा ठोकताळा नव्हे. तो गणिताने बांधलेला, रक्त तपासून पारखलेला आणि चुकतो तेव्हा किती चुकतो हेही मोजून ठेवलेला अंदाज आहे.

शिरेतून पहिले औषध

शिरेतून औषध देण्याची कल्पनाच मुळी कुत्र्यापासून सुरू झाली. १६५६ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर रेन या तरुणाने दारूत विरघळवलेली अफू एका कुत्र्याच्या शिरेत सोडली. हाच रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल कॅथिड्रलचा वास्तुशिल्पी म्हणून नावाजला. तेव्हा आजच्यासारखी सुई नव्हती. पिसाची पोकळ नळी आणि प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी एवढेच साहित्य होते. कुत्रा गुंगला, त्याला फिरवून फिरवून जागे ठेवावे लागले आणि तो वाचला. प्रसिद्ध शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. पुढे १८७०च्या दशकात फ्रान्समधील ओरे यांनी क्लोरल हायड्रेट शिरेतून देऊन आधी जनावरांना आणि मग माणसाला भूल दिली. १९३४ साली अमेरिकेत थायोपेंटल आले, आणि शिरेतल्या भुलीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

थायोपेंटलने डॉक्टरांना एक कोडे घातले. एक इंजेक्शन दिले की रोगी अर्ध्या मिनिटात झोपे आणि पाच-दहा मिनिटांत जागा होई. साहजिकच वाटले की शरीर हे औषध झटपट नष्ट करते. मग तेच औषध पुन्हा पुन्हा देऊन लांब शस्त्रक्रिया करायला गेले, तर रोगी तासन्‌तास उठेना! पहिल्या डोसानंतर लवकर जागा होणारा माणूस पाचव्या डोसानंतर का उठत नाही?

१९५०च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या व कुत्र्यांच्या रक्तातले थायोपेंटल मोजले. कुत्र्यांच्या शरीरातील निरनिराळ्या भागांत ते किती साठले हेही पाहिले. तेव्हा उलगडा झाला. औषध नष्ट होत नव्हते, ते रक्तातून निघून शरीरात दडून बसत होते, विशेषतः चरबीत. १९६० साली हेन्री प्राइस यांनी गणित मांडून त्यात दुरुस्ती केली. चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश भरते. रोगी पहिल्यांदा जागा होतो तो औषध स्नायूंसारख्या भागांत ओसरल्यामुळे. चरबीचा वाटा पुढे लांबलेल्या भुलीत दिसतो.

तीन हौदांचे गणित

हे गणित समजायला मोठ्या वाड्यातले तीन हौद डोळ्यांपुढे आणा. पहिला हौद लहान. तो म्हणजे रक्त आणि ज्यांना भरपूर रक्त मिळते ते अवयव. दुसरा मोठा हौद म्हणजे स्नायू. तो पहिल्याला रुंद नळाने जोडलेला आहे. तिसरा फारच मोठा, पण त्याला जोडणारा नळ अगदी अरुंद. ही झाली चरबी. पहिल्या हौदाच्या तळाशी एक भोक आहे, त्यातून पाणी कायमचे वाहून जाते. ते काम मुख्यतः यकृताचे.

आता लहान हौदात एकदम बादलीभर पाणी ओता. पातळी चढेल आणि लगेच उतरेल, कारण पाणी शेजारच्या हौदांत पळेल. हेच ते पाच मिनिटांत जागे होणे. पण पाणी तासभर ओतत राहिलात, तर शेजारचे हौदही भरतात. मग ओतणे थांबवले तरी त्यांतले पाणी लहान हौदात परत येत राहते आणि पातळी लवकर उतरत नाही. म्हणून “औषध किती वेळात उतरेल?” या प्रश्नाला एकच उत्तर नसते. ते किती वेळ दिले यावर उत्तर बदलते. ही गोष्ट १९९२ साली ह्यूज, ग्लास आणि जेकब्ज यांनी संगणकावर हिशेब मांडून स्पष्ट दाखवली. थायोपेंटल काही तास चालू ठेवले तर उतरायला फार वेळ घेते, प्रोपोफॉल त्या मानाने पुष्कळच लवकर उतरते.

यात आणखी एक बारीक मुद्दा आहे. भूल रक्ताला चढत नाही, मेंदूला चढते. रक्तातली पातळी वाढली तरी मेंदूत तिचा परिणाम दिसायला मिनिट-दोन मिनिटे आणि कधी त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून हिशेबात मेंदूचा एक इवलासा चौथा हौदही धरावा लागतो. घाई करणारा माणूस रोगी झोपला नाही म्हणून पुन्हा औषध ढकलतो आणि दोन मिनिटांनी दोन्ही डोस मिळून श्वास थांबवतात. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगत आलो आहे, “औषध दिल्यावर घड्याळाकडे पाहा.”

दुधासारखे पांढरे औषध

आज भुलीसाठी जे पांढरे, दुधासारखे इंजेक्शन बहुतेक ठिकाणी वापरतात ते प्रोपोफॉल. त्याचा शोध लावणारे जॉन ग्लेन हे पशुवैद्यक, म्हणजे जनावरांचे डॉक्टर! ब्रिटनमधील आय. सी. आय. या कंपनीत काम करताना १९७३ साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना या रसायनाचा भुलीचा गुण उंदरांमध्ये दिसला. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी क्रेमोफोर नावाच्या द्रवात मिसळले. १९७७ साली माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण त्या द्रवामुळे काहींना तीव्र ॲलर्जीसारखा त्रास झाला आणि ते रूप सोडून द्यावे लागले. मग सोयाबीनच्या तेलात घोटून त्याचे दुधासारखे मिश्रण केले. १९८६ साली ते ब्रिटनमध्ये बाजारात आले, १९८९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. या कामाबद्दल ग्लेन यांना २०१८ साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

औषध उत्तम, पण त्याची चुणूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. झोप आणि श्वास बंद पडणे यांत अंतर थोडेच. गायक मायकेल जॅक्सन यांचा २००९ साली मृत्यू झाला तो हेच औषध घरी, योग्य देखरेखीशिवाय दिल्याने. म्हणूनच पातळीचा हिशेब ही पुस्तकी हौस नाही. कमी पडले तर रोगी शस्त्रक्रियेत हलेल किंवा जागा होईल, जास्त झाले तर रक्तदाब कोसळेल. आणि रक्तातले प्रोपोफॉल मोजायचे तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. साखरेसारखे बोटाला टोचून ते लगेच कळत नाही. उत्तर येईपर्यंत शस्त्रक्रिया संपलेली असते. म्हणून हिशेबावरच विसंबावे लागते.

१९९६ साली युरोपात एक पंप आला. त्यात रोग्याचे वजन, वय आणि रक्तात हवी असलेली पातळी भरायची. आतला संगणक तीन हौदांचे गणित दर काही सेकंदांनी सोडवतो आणि सिरिंज तितक्याच वेगाने ढकलतो. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत असे पंप दिसतात. लहान गावात नसले, तरी गणित तेथेही पोचले आहे. १९८८ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी याच गणितावरून हातानेही पाळता येईल असा क्रम बसवला. सुरुवातीला किलोला १ मिलिग्रॅम, मग पहिली दहा मिनिटे तासाला किलोमागे १० मिलिग्रॅम या वेगाने, पुढची दहा मिनिटे ८ या वेगाने आणि नंतर ६ या वेगाने. वेग उतरत का जातो, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. शेजारचे हौद भरत आले की नळ बारीक करावा लागतो.

अंदाजाची परीक्षा

आता मुख्य प्रश्न. हौदांची मापे आणि नळांची रुंदी कुठून आणायची? आणि ती बरोबर आहेत हे कशावरून?

मापे काढण्यासाठी औषध देऊन ठरावीक वेळाने रक्ताचे थेंब घेतात, पातळी मोजतात आणि आकड्यांना बसेल असा आराखडा जुळवतात. पण ज्या जनावरांवरून आराखडा बसवला त्यांच्यावरच तो जुळतो म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. फळ्यावर सोडवून दाखवलेलेच गणित परीक्षेत घातले तर वर्गातली सगळी मुले पास होतील. खरी परीक्षा नव्या जनावरांवर. पंपाने सांगितले, या क्षणी रक्तात ३ मायक्रोग्रॅम आहे. त्याच क्षणी रक्त काढून मोजले आणि ३.६ निघाले, तर चूक अधिक २० टक्के. २.४ निघाले तर उणे २० टक्के.

अशा चुका कशा तोलायच्या याची रीत १९९२ साली वार्व्हेल, डोनोहो आणि शेफर यांनी घालून दिली. ती घड्याळाच्या दाखल्याने सांगतो. भिंतीवरचे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे असेल तर घरातल्यांना सवय होते, तेवढे वजा केले की झाले. हा झाला एका बाजूचा कल. पण दहा घरांतली घड्याळे कुठे पुढे, कुठे मागे असतील, तर सरासरी शून्य येईल आणि तरी कुणाचीच गाडी वेळेवर सापडणार नाही! म्हणून अधिक-उणे चिन्ह सोडून चूक एकूण किती, हे वेगळे मोजतात. तिसरे, एकच घड्याळ कधी पुढे कधी मागे डुगडुगते का. आणि चौथे, तासागणिक चूक वाढत जाते का. साधारणपणे कल १० ते २० टक्क्यांच्या आत आणि चिन्ह सोडून येणारी चूक २० ते ४० टक्क्यांच्या आत असली तर आराखडा वापरायला योग्य धरतात.

शिक्षक महाशयांना हे आकडे मोठे वाटतील. मलाही विद्यार्थिदशेत वाटले होते. पण दोन माणसे एकच मात्रा घेऊन जेवढी वेगळी वागतात त्या मानाने ही चूक कमी आहे. उरलेली कसर भूलतज्ज्ञ डोळ्यांनी, बोटांनी आणि यंत्रांनी भरून काढतो. पंप हिशेबनीस आहे, मालक नव्हे.

कुत्र्याचे कुत्र्याला

माणसाचा आराखडा कुत्र्याला चालत नाही. पूर्वऔषध न देता कुत्र्याला झोपवायला किलोमागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास प्रोपोफॉल लागते, माणसाला दीड ते अडीच. कुत्र्याच्या हौदाच्या तळाचे भोक मोठे आहे. औषध इतक्या वेगाने निघून जाते की एकट्या यकृताच्या कामाने तो हिशेब पुरा होत नाही, दुसरे अवयवही हातभार लावतात असे मानावे लागते. माणसासाठीचा पंप कुत्र्याला लावला तर तो सांगेल एक आणि रक्तात असेल त्याहून कमी.

म्हणून स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील पशुवैद्यकांनी कुत्र्यांसाठी वेगळा आराखडा पारखला. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात स्वतः ग्लेनही होते. कुत्रे होते दातांच्या शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागणारे. या कामात भुलीची खोली पंपाच्या आकड्यावर सोडत नाहीत. पापणीला हात लावल्यावर ती मिटते का, जबडा किती सैल आहे, बुबुळ खाली वळले का, पंजाचे बोट चिमटल्यावर पाय मागे घेतो का, या खुणा पशुवैद्यक सतत पाहतो. कुत्रा “दुखते” असे सांगत नाही, म्हणून खुणांची भाषा अधिकच नीट वाचावी लागते.

कुत्र्या-कुत्र्यांतही फरक आहे. म्हातारे कुत्रे प्रोपोफॉलचा निचरा सावकाश करतात. ग्रेहाउंड जातीची तर वेगळीच कथा. ही धावणारी, सडपातळ कुत्री थायोपेंटलनंतर फार वेळ उठत नाहीत, असे पशुवैद्यकांच्या ध्यानात आले होते. अंगात चरबी कमी म्हणून तिसरा हौद लहान, असे आधी मानले गेले. १९८० च्या दशकातल्या अभ्यासांत दिसले की त्यांचे यकृतही अशी औषधे सावकाश मोडते. अलीकडच्या संशोधनात तर औषध मोडणाऱ्या एका विकराच्या जनुकातला फरकही सापडला आहे. प्रोपोफॉलनंतरही ही जात इतरांपेक्षा उशिरा उठते. म्हणजे मिश्र जातीच्या कुत्र्यांवर पास झालेला आराखडा ग्रेहाउंडवर नापास होऊ शकतो.

आपल्याकडे लातूर-सोलापूर भागात शिकारीचा कारवान कुत्रा पाळतात. तो त्याच बांध्याचा, लांब पायांचा आणि खपाटीला गेलेल्या पोटाचा. अशा कुत्र्याला भूल द्यायची असेल तेव्हा मालकाने जात आवर्जून सांगावी आणि पशुवैद्यकाने उठायला वेळ लागेल असे धरूनच तयारी ठेवावी, हे शहाणपणाचे.

माणसांतही असे ‘ग्रेहाउंड’ आहेत. सत्तरीची म्हातारी, शंभर किलोचा व्यापारी, दोन वर्षांचे पोर, यांचे हौद एकसारखे नाहीत. तरुण, धडधाकट माणसांवरून बांधलेले आराखडे त्यांना तंतोतंत लागू पडत नाहीत. म्हणून २०१८ साली नेदरलँड्समधील एलेव्हेल्ड आणि सहकाऱ्यांनी जुन्या तीस अभ्यासांतील हजाराहून अधिक माणसांचे आकडे एकत्र करून, लहान बाळांपासून वृद्धांपर्यंत चालेल असा एकच आराखडा तयार केला.

भगिनींच्या पत्राला उत्तर

मुक्या प्राण्याला टोचून काय मिळते? माझे प्रामाणिक मत सांगतो. पूर्वी या प्रयोगांत फार निष्ठुरपणा झाला, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. १९५९ साली इंग्लंडमधील रसेल आणि बर्च यांनी तीन गोष्टी सुचवल्या : प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत आणि संस्थेच्या समितीची परवानगी लागते.

पण आजच्या विषयात एक गोष्ट दिलासा देणारी आहे. चांगला आराखडा हा स्वतःच प्राणी वाचवतो. एकदा हौदांची मापे कळली की दहा निरनिराळे डोस दहा जनावरांवर न देता संगणकावर करून पाहता येतात. परीक्षा घ्यायची तर दातांसाठी किंवा गाठीसाठी ज्याला भूल द्यावीच लागणार आहे अशा कुत्र्याचे थोडे रक्त पुरते. आणि त्या परीक्षेचा पहिला लाभ कुत्र्यांनाच होतो. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याचा मोडलेला पाय जोडताना तो शांत झोपावा आणि वेळेवर उठावा, यासाठी हे सारे गणित आहे. माणसाला मिळाले ते त्यांच्याकडून. आता त्यांची परतफेड होत आहे, ती थोडी उशिराच.

एवढे लक्षात ठेवा

शस्त्रक्रियेपूर्वी वजन काट्यावर करा, अंदाजे सांगू नका. हिशेबाची सुरुवात तिथूनच आहे. रोजची औषधे, दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या यांतले काहीही लपवू नका. भूलतज्ज्ञ हे पोलिसात सांगणार नाही, पण माहीत नसेल तर त्याचा आराखडा चुकेल. पूर्वी भुलीनंतर उशिरा जाग आली असेल किंवा घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर आवर्जून सांगा. जेवणानंतर साधारणपणे सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास गेलेले असावेत. मात्र तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा. जाग आली म्हणजे औषध संपले असे नव्हे, शेजारचे हौद अजून रिकामे व्हायचे असतात. म्हणून चोवीस तास मोटारसायकल चालवू नका, विळी-यंत्रावर बसू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका.

घरच्या कुत्र्याला भूल द्यायची असेल तर त्याचे वजन, वय आणि जात सांगा. आदल्या रात्रीपासून काय द्यायचे ते पशुवैद्यकांना विचारा. घरी आणल्यावर त्याला उबदार, सपाट जागी ठेवा, जिन्यापाशी नको. मान नीट धरून स्वतःच्या पायांवर उभा राहीपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.